बोलेरोत दुसरी बॅटरी : दिंडीच्या गाडीची कामवही

रविवार, ४ मे २०२५

तात्यांनी आज गाडी दारात आणून लावली आणि किल्ली हातात देताना एवढंच म्हणाले, "यंदा ढकलायला लावू नकोस रे."

गेल्या वर्षी माळशिरसच्या मुक्कामात पहाटे तीनला तळ हलवायचा होता. रात्री कीर्तनाला ॲम्प्लिफायर, मंडपात दिवे, आणि सगळ्यांवर कडी म्हणजे वीस-पंचवीस जणांचे मोबाईल, सगळं एकाच बॅटरीवर. सेल्फ मारला तर नुसतं 'टक्'. मग टाळकरी, मृदंगवाले, चुलीवरच्या बायका अशा पंधरा-वीस माउलींनी 'पुंडलिक वरदे' म्हणत बोलेरो चिखलातून ढकलली. सुरू झाली. पण त्या बॅटरीने पुढे दोनच महिने काढले. सेल्फच्या बॅटरीचं काम क्षणभर शेकड्यांनी अँपिअर देण्याचं, म्हणून तिच्यात पट्ट्या पातळ आणि पुष्कळ. रात्रभर तिला थोडं थोडं पिळत राहिलं की पट्ट्यांवरचा माल झडतो.

तेव्हा यंदा दुसरी बॅटरी. मुक्कामाचा सगळा भार तिच्यावर, सेल्फच्या बॅटरीला कोणी हात लावायचा नाही.

आधी हिशेब. गाडी संध्याकाळी पाचला थांबते, पहाटे चारला हलते असं धरलं. हरिपाठ आणि कीर्तन मिळून चार तास ॲम्प्लिफायर, सरासरी ५ अँपिअर, म्हणजे २० अँपिअर-तास. नऊ वॅटचे चार दिवे सात तास, २१. यंदा छोटा १२ व्होल्टचा फ्रिज घेतलाय, कारण दिंडीत इन्सुलिन घेणारे सहा जण आहेत आणि न उघडलेल्या बाटल्या २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात. तो थांबत-चालत सरासरी दीड अँपिअर खातो, अकरा तासांचे १६-१७. इथवर ५८. आणि पंचवीस मोबाईलचे वर ३५! ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण मोबाईल हेच घरातले सगळ्यात खादाड पाहुणे निघाले.

८० अँपिअर-तासांच्या बॅटरीतून निम्मंच काढावं हा नियम. म्हणून मोबाईल रात्री बंद, इंजिन चालू असतानाच लावायचे. कीर्तनानंतर चारांतले दोन दिवे विझवायचे. तरी ४९-५० राहतात. निम्म्याच्या थोडं वर जातंय, पण वर्षातून सतरा-अठरा रात्रींसाठी चालवून घेऊ.

तात्यांचा आग्रह घरच्या इन्व्हर्टरच्या १५० च्या ट्यूब्युलर बॅटरीचा. "ती पडूनच असते की." पन्नास किलोच्या वर वजन, उंची अर्ध्या मीटरच्या आसपास, वर तरंगत्या काट्यांची झाकणं. बॉनेटखाली बसणार नाही, आणि मागे केबिनमध्ये ठेवली तर चार्ज होताना हायड्रोजन सोडणार. मागच्या सीटवर म्हातारी माणसं आणि पोरं बसतात. नाही म्हणजे नाही.

मंगळवार, ६ मे

मिक्सरच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन बॅटरीचं भूत बनवलं. डी३१ मापाची बॅटरी ठरवलीय : ३०६ × १७३ × २२५ मिलिमीटर. कोडमधला ३१ म्हणजे लांबी सेंटीमीटरमध्ये, त्यामुळे दुकानात न जाताही माप कळतं. खोकं हुबेहूब केलं, वर टर्मिनलच्या जागी दोन बाटल्यांची बुचं चिकटवली आणि इंजिनाभोवती फिरवत बसलो. धाकटी टॉर्च धरायला आणि वहीत उतरवायला.

बोलेरोचं बॉनेट उघडलं की वाटतं, एवढी जागा! प्रत्यक्षात एकही चौकोन मोकळा नाही. पहिल्या बॅटरीच्या समोरच्या अंगाला, हेडलाईटच्या मागे, भूत बसू शकतं. पण तिथे आज वॉशरची बाटली आहे, तिला चिकटून कूलंटची बाटली, खाली दोन हॉर्न, आणि मागून एअर फिल्टरचा डबा सात सेंटीमीटर पुढे घुसलेला. आधीच्या मालकाने मडगार्डचा पत्रा बदलताना बाटल्या आपल्या मर्जीने लावल्यात, त्यामुळे कंपनीच्या चित्रावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. समोर जे आहे तेच खरं.

दुसरी जागा केबिनच्या भिंतीजवळ होती. ती हातही न लावता मोकळी. मोह झाला. पण ती टर्बोच्या, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या आणि धगधगत्या पंख्याच्या, मागे आहे. आणि तिसऱ्या जागेसाठी डिझेल फिल्टर हलवावा लागेल. ते मी करणार नाही. डिझेलच्या लाईनमध्ये एकदा हवा घुसू लागली की वारीत हातपंप मारत बसावं लागतं. ब्रेकच्या पाईपलाही हात लावायचा नाही. एवढं दोघांपुरतं ठरवून टाकलं, बाकी सगळ्यांनी सरकायची तयारी ठेवावी.

शनिवार, १० मे

जागा पुठ्ठ्यावर ठरत नाही, उष्णतेवर ठरते. आज मागे भाताची चार पोती टाकून गाडी दिवे घाटात नेली. खाली वडकीपर्यंत उतरलो, वळवली, तिसऱ्या-दुसऱ्या गिअरमध्ये वर चढवली आणि माथ्यावर बॉनेट उघडून लगेच इन्फ्रारेड तापमापक.

त्या तापमापकाची एक गंमत आहे. चकचकीत धातूवर तो सपशेल खोटं बोलतो, कमी दाखवतो. म्हणून जिथे जिथे मोजायचं तिथे आधीच काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून ठेवला होता. भिंतीजवळची मोकळी जागा : ९४ अंश. हेडलाईटमागची : ६६. इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी पुन्हा मोजलं तर भिंतीजवळची १०१ वर गेलेली. पंखा थांबतो, हवा थांबते, आणि लोखंडात साठलेली धग वर येते. चालत्या गाडीपेक्षा नुकती थांबलेली गाडी जास्त तापते हे विसरू नये.

शिसं-आम्लाच्या बॅटरीचं आयुष्य दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं असा ठोकताळा आहे. म्हणजे फुकटची मोकळी जागा सगळ्यात महाग. ती मोकळी का होती ते आज कळलं. कोणी काही ठेवलं नव्हतं, त्याला कारण होतं. तसंच बाकीच्यांचंही : प्रत्येक बाटली, प्रत्येक होज कुठल्या तरी कारणाने जिथे आहे तिथे आहे, आणि ते कारण कळल्याशिवाय पाना लावायचा नाही.

लिथियमबद्दल वायरमन मामांनी विचारलं. हलकी, निम्म्याच्या खाली गेली तरी तक्रार नाही, सगळं खरं. पण ६६ अंशांच्या कोपऱ्यात ती नको. केबिनमध्ये बसवायची तर पैसे तिप्पट. दिंडीची पेटी तेवढी जड नाही.

रविवार, ११ मे

पुण्याला. सकाळी जुना बाजार. कुठल्या तरी छोट्या गाडीची चपटी वॉशरची बाटली मिळाली, मोटर तळाशीच बसलेली. दीडशे सांगितले, ऐंशीला दिली. नाना पेठेत स्पेअरची बरीच दुकानं रविवारी बंद, तरी ओळखीच्याने मागून होज आणि क्लॅम्प काढून दिले. एअर फिल्टर ते टर्बोसाठी ६३ मिलिमीटरचा लवचिक होज घेतला. स्वस्त होता. (हे वाक्य अधोरेखित करून ठेवतोय, पुढे कळेल.)

तांब्याची २५ चौरस मिलिमीटरची केबल चार मीटर. दुकानदार म्हणाला सहाची पुरेल. आकडेमोड करून दाखवली : तांब्याची २५ ची तार मीटरला साधारण ०.७ मिलिओहम. तीन मीटरला चाळीस अँपिअर वाहिले तर जेमतेम ०.०८ व्होल्ट पडतात. सहाच्या तारेत हेच ०.३५. अल्टरनेटर १४.२ देतो, बॅटरीला भरायला १४ च्या वर लागतं. वाटेतच तिसरा हिस्सा व्होल्ट सांडला तर बॅटरी कायम अर्धपोटी. त्याने केबल मोजून दिली आणि वर चहा पाजला.

बुधवार, १४ मे

वॉशरची नवी बाटली भिंतीजवळच्या त्या गरम जागेत. पाण्याला काय होणार! हॉर्न ग्रिलच्या मागे आडव्या पट्टीवर, तोंडं खाली करून, म्हणजे पाऊस आत साठणार नाही. दोन तासांत काम झालं.

कूलंटच्या बाटलीला वेळ लागला. या गाडीत ती नुसती साठवणीची बाटली आहे, दाबाखालची टाकी नाही. दाबाखालची असती तर ती सगळ्यांत उंचच ठेवावी लागली असती, नाहीतर हवा अडकते. हिला उंचीचं बंधन फार नाही, म्हणून वीस सेंटीमीटर बाजूला आणि थोडी खाली घेतली. होज अपुरा पडला, तुकडा जोडून पितळी जोडणीने लांबवला.

शनिवार, १७ मे

बॅटरी ठेवायचा ट्रे. वेल्डिंगवाले अण्णा सकाळी आठला हजर. मी २५ × २५ × ३ चा अँगल आणि दोन मिलिमीटरचा पत्रा कापून ठेवला होता.

त्यांचं म्हणणं होतं, मडगार्डच्या आतल्या पत्र्यालाच चार टाके मारू, पाच मिनिटांचं काम. बॅटरी वीस किलोच्या आसपास, खड्ड्यात आपटली की क्षणभर तिप्पट-चौपट. तो पत्रा एक मिलिमीटरचाही नसेल, महिन्याभरात फाटेल. आणि चॅसीला वेल्डिंग लावायचं नाही हा माझा हट्ट. मग चॅसीवर आधीच असलेल्या दोन भोकांचा आधार घेऊन बोल्टाने धरणारा पाय केला, दुसरा पाय रेडिएटरच्या चौकटीखालच्या जाड पट्टीवर. चार दहाचे बोल्ट, खाली रबराची पट्टी. सगळं वेल्डिंग गाडीबाहेर, ओट्यावर. तरी अण्णा ग्राइंडर घेऊन जवळ आले तेव्हा बॅटरीचं ऋण टर्मिनल काढून ठेवलं होतं.

"एवढा ट्रे तर ट्रकला पुरेल," अण्णा म्हणाले. त्यांना रेड ऑक्साइडचा डबा दिला आणि विषय संपवला.

रविवार, १८ मे

आज कणकेचा दिवस. ट्रेवर पुठ्ठ्याचं भूत ठेवलं, टर्मिनलच्या बुचांवर कणकेचे लिंबाएवढे गोळे ठेवले, बॉनेट दणकन् लावलं, उघडलं. गोळ्यांची जाडी उरली ११ मिलिमीटर. म्हणजे टर्मिनल आणि बॉनेटच्या पत्र्यात बोटभरही अंतर नाही. पत्रा गाडीच्या बॉडीला जोडलेला, बॉडी ऋणाला. खड्ड्यात बॉनेट दबलं की धन टर्मिनलला टेकणार आणि तिथे वेल्डिंग सुरू होणार, अण्णांशिवाय. ट्रेचे पाय कापून सोळा मिलिमीटर खाली घेतले. पुन्हा कणीक : २७. चालेल. बायकोने विचारलं, चपात्या कधी करायच्या.

एअर फिल्टरचा डबा सात सेंटीमीटर मागे आणि थोडा फिरवून बसवला. त्याचं हवा ओढणारं तोंड मडगार्डच्या आतच राहील हे पाहिलं. इंजिनाकडे वळलं असतं तर तापलेली हवा ओढली असती, खाली गेलं असतं तर ओढ्यातलं पाणी. फिल्टरपासून टर्बोपर्यंत तो नवा होज, दोन्ही टोकांना क्लॅम्प. या टप्प्यात गळती परवडत नाही. फिल्टरनंतर धूळ आत शिरली की ती थेट टर्बोच्या पात्यांवर.

इंजिन चालू करून बंद केलं, चार वेळा. डिझेल इंजिन बंद होताना कसं हलतं ते बघायला. होज आणि ट्रे यांत तीन सेंटीमीटर, हलल्यावर दोन उरतात. ठीक.

गुरुवार, २२ मे

पाऊस. मे महिन्यात. ताडपत्री बांधली.

रविवार, २५ मे

काम नाही. बारामती-इंदापूरकडे पावसाने थैमान घातलंय, बहिणीच्या घरात पाणी शिरलं म्हणून तिकडे गेलो. नाल्याच्या पाण्यातून तीन वेळा बोलेरोच नेली, दुसऱ्या बॅटरीविना, फक्त रिकामा ट्रे घेऊन. एअर फिल्टर कोरडा होता. चाचणी अशी अचानक झाली. उद्या मान्सून पुण्यात पोचल्याचं जाहीर करतील असं म्हणतायत, आणि बॅटरी व टर्बोच्या मध्ये लावायच्या माझ्या उष्णतेच्या ढालीची परीक्षा उन्हाळ्यात व्हायची होती.

शनिवार, ३१ मे

बॅटरी आली. आणि उलटी आली. चूक माझीच : कोडचं शेवटचं अक्षर आर की एल, यावर टर्मिनलची बाजू ठरते, आणि चिठ्ठीवर मी भलतंच लिहिलं होतं. धन टर्मिनल आलं बरोबर एअर फिल्टरच्या लोखंडी पट्टीशेजारी. बॅटरी अर्धी फिरवली तर टर्मिनलांची रांग मडगार्डच्या काठाखाली जाते, तिथे बॉनेट खाली उतरतं, कणकेची परीक्षा नापास. दुकानात परत. प्लास्टिकचं वेष्टन फाडलं नव्हतं म्हणून बदलून मिळाली. अर्धा दिवस गेला.

दुपारनंतर मामा आणि मी वायरिंगला. दोन बॅटऱ्यांच्या मध्ये व्होल्टेज पाहून जोडणारा रिले, ज्याला सगळे व्हीएसआर म्हणतात. सेल्फच्या बॅटरीवर १३.३ च्या वर व्होल्ट आले, म्हणजे अल्टरनेटर चालू आहे, की हा दोघींना जोडतो. १२.८ च्या खाली उतरलं की तोडतो. चावीशी काही संबंध नाही, कुणी लक्षात ठेवायची गरज नाही. मामांना साधा सोलेनॉइड आणि डॅशबोर्डवर बटण हवं होतं. मी म्हटलं, मामा, पहाटे तीनला ते बटण बंद करायला कोण लक्षात ठेवणार? तुम्ही? ते हसले. नव्या गाड्यांत अल्टरनेटर स्वतःच व्होल्टेज खालीवर करतो, तिथे हा रिले फसतो; आपला जुना अल्टरनेटर सरळमार्गी, १४.२ म्हणजे १४.२.

दोन्ही टोकांना फ्यूज, १०० अँपिअरचे, प्रत्येक बॅटरीपासून वीतभराच्या आत. एकच फ्यूज का पुरत नाही हे मामांच्या पोराला समजावलं : मधली केबल कुठे घासून उघडी पडली तर वीज दोन्हीकडून धावत येते. एका बाजूचा फ्यूज उडला तरी दुसरी बॅटरी केबल जाळायला मोकळी. केबलच्या टोकांचे लग (टर्मिनलला जोडायची कडी) हायड्रॉलिक पंचाने दाबले, त्यावर आक्रसणारी स्लीव्ह. केबल लवचिक नळीतून, रेडिएटरच्या चौकटीवरून, दर वीतभर अंतरावर पट्टा. केबिनमध्ये जाताना भोकाला रबरी ग्रोमेट. आत एक छोटी फ्यूजपेटी : ॲम्प्लिफायर, दिवे, फ्रिज, तिन्ही वेगळे. १२.० व्होल्टला सगळा भार तोडणारं एक यंत्रही. तात्या रात्री ओरडतील, पण बॅटरी जगेल.

ऋणाची केबल चॅसीला आणि तिथून इंजिनाला विणलेली पट्टी. चॅसीवरचा रंग चकचकीत होईतो घासला. वायरमन लोकांचे निम्मे दोष इथे असतात असं मामा स्वतःच म्हणाले.

रविवार, १ जून

पहिल्यांदा सुरू. इंजिन चालू, बारा सेकंद काही नाही, मग रिलेचा 'खट्'. इतका गोड आवाज बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

मुद्दाम रात्रभर भार लावून बॅटरी १२.२ पर्यंत उतरवली होती. क्लॅम्प मीटर लावला : सुरुवातीला ३८ अँपिअर जातायत, पंधरा मिनिटांत २६, तासाभराने १४. दुसऱ्या बॅटरीच्या टर्मिनलवर १४.१. केबलचे पैसे वसूल.

पण इथेच एक गोष्ट टोचली. पालखीच्या वाटेवर गाडी रोज दहा-वीस, फार तर तीस किलोमीटर जाते. पुढच्या मुक्कामाला दीड-दोन तासांत पोचून राहुट्या ठोकायला लागतात. दोन तासांत भरतं साधारण ३५ अँपिअर-तास. रात्री जातात ५०. रोजची पंधराची तूट. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री १२.० चं यंत्र खट्कन तोडणार, बहुतेक कीर्तन रंगात असताना.

सौर पॅनेल कॅरिअरवर? कॅरिअरवर भांडी असतात. सरळ उपाय : पुणे आणि सासवडला दोन-दोन रात्रींचा मुक्काम असतो, तिथे घरगुती चार्जर लावायचा. उरलेल्या वाटेवर जिथे कोणाच्या अंगणात राहतो तिथे दोन तास विजेचा प्लग मागायचा. वारकऱ्याला पाणी आणि प्लग कोणी नाकारत नाही.

शनिवार, ७ जून

दिवे घाट, दुसरी फेरी. पोती भरलेली, बॅटरी जागेवर, बॅटरी आणि टर्बोच्या मध्ये ॲल्युमिनियमच्या पत्र्याची ढाल, दोन्हीकडून दोन सेंटीमीटर हवा सोडून. (पत्रा बॅटरीला चिकटवून लावला की तो ढाल नसतो, तवा असतो.)

निम्म्या घाटात गाडी बसली. ॲक्सिलरेटर दाबावा तेवढा काळा धूर, ओढ शून्य. मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवून कानठळ्या बसवल्या. बाजूला घेतली, बॉनेट उघडलं. सगळं जिथल्या तिथे. जागेवर रेस केलं, धूर नाही. पुन्हा चढायला लागलो, पुन्हा धूर.

काळा धूर म्हणजे डिझेल आहे, हवा नाही. फिल्टर काढून पाहिला, स्वच्छ. डब्याच्या तोंडात चिंधी? नाही. अर्धा तास डोकं खाजवल्यावर धाकटीने विचारलं, "बाबा, या पाईपला सुरकुत्या का पडल्यात?" तोच तो स्वस्तातला होज. वळणावर आतल्या बाजूला पांढऱ्या रेघा. टर्बोच्या आधीच्या होजमध्ये दाब नसतो, ओढ असते. भार आला की टर्बो जोराने हवा ओढतो आणि इंजिनाच्या धगीने मऊ झालेला होज आतल्या आत चिपकतो, उसाचं चिपाड व्हावं तसा. गाडी थांबली की फुगून पुन्हा साळसूद. बॉनेट उघडून, गाडी उभी करून हा दोष कधीच दिसला नसता.

टर्बोच्या पुढचा होज फुगून फुटतो, अलीकडचा चिपकून गुदमरतो. पंधरा वर्षं गाड्यांत हात घालून हे मला पुठ्ठ्याच्या वेळी सुचायला हवं होतं. पहिल्या गिअरमध्ये रडतखडत घरी.

ढालीचा आकडा मात्र चांगला : बॅटरीच्या अंगावर ४९ अंश. पावसाळी हवेतला आहे, मे महिन्यात तो ५८-६० असेल असं धरतो.

रविवार, ८ जून

अण्णांनी लोखंडी पाईप वाकवून द्यायची तयारी दाखवली. नको म्हटलं. आतून गंज सुटला किंवा वेल्डिंगचा खडा निसटला तर तो टर्बोतच जाणार. ६३ चा ॲल्युमिनियमचा वाकवलेला पाईप आणला, टोकांना उठावदार कडा, दोन्हीकडे सिलिकॉनचे आखूड जोड आणि बोल्टचे क्लॅम्प. आतून कापड फिरवून चार वेळा पुसला. संध्याकाळी पुन्हा घाट, तिसऱ्या गिअरमध्ये गाणं म्हणत वर.

स्वस्त होज आता बागेत पाणी घालतोय.

शुक्रवार, १३ जून

गेले चार दिवस एक चमत्कार : कूलंटच्या बाटलीत पातळी रोज चढतेय आणि रेडिएटर रोज रिता होतोय. गळती कुठेही नाही. हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं सील) गेलं की काय म्हणून पोटात गोळा. वारी सहा दिवसांवर.

कारण शोधलं तर मीच. कूलंट तापलं की फुगतं, रेडिएटरच्या झाकणातली मोठी झडप उघडून जास्तीचं बाटलीत जातं. थंड झालं की आत पोकळी होते, छोटी झडप उघडते आणि तेच कूलंट परत ओढलं जातं. मी १४ मेला होज लांबवताना पितळी जोडणी टाकली होती. ती बाहेर जाणाऱ्या दाबाला टिकते, थेंब गळत नाही. पण परत ओढताना तिथून हवा शिरते, कारण कूलंट वर ओढण्यापेक्षा हवा ओढणं सोपं. रोज घोटभर बाटलीत जायचं, रोज घोटभर हवा रेडिएटरमध्ये यायची.

जोडणी काढली, एकसंध होज टाकला, टोक बाटलीच्या तळाशी बुडलेलं आहे हे पाहिलं. इंजिन पुरतं थंड असताना झाकण उघडून रेडिएटर भरला. दोन दिवस पातळी लिहून ठेवणार.

रविवार, १५ जून

पातळी बरोबर. सगळ्या बोल्टांवर रंगाची रेघ मारली, सैल झाला तर रेघ तुटलेली दिसेल. डॅशबोर्डवर दोन व्होल्टमीटर, खाली धाकटीच्या अक्षरात चिठ्ठ्या : 'गाडीची' आणि 'मुक्कामाची'.

बुधवार, १८ जून, आळंदी

पोचलो. उद्या प्रस्थान. इंद्रायणीकाठी माणसांचा समुद्र, गाडी लावायला जागा नाही. तात्यांना बॉनेट उघडून दाखवलं. बराच वेळ पाहून म्हणाले, "एवढा खर्च केलास आणि बॅटरी एकच दिसतेय." ढालीमागे दुसरी झाकली गेली होती.

सोमवार, २३ जून, सासवड

मुक्कामाचा दुसरा दिवस. काल दिवे घाट भरल्या गाडीने चढली, माणसांच्या गर्दीत चालीच्या वेगाने, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. अशा वेगात समोरून वारा मिळत नाही, त्यामुळे खरी कसोटी हीच होती. माथ्यावर टेपवर ५७ अंश. मेच्या अंदाजाच्या आतच.

आकडे : पुण्याच्या दोन रात्रींनंतर, मध्ये चार्जर लावून, मुक्कामाची १२.३१, गाडीची १२.६८. काल रात्री कीर्तन साडेदहापर्यंत लांबलं, दिवे चारही चालू राहिले, कारण विझवायला सांगितलेला पोरगा झोपला. पहाटे मुक्कामाची १२.१२. यंत्राने तोडलं नाही. इन्सुलिनचा फ्रिज ५ अंशांवर. सेल्फ पहिल्या दमात.

आता बॅटरी ज्यांच्या अंगणात उतरलोय त्यांच्या ओसरीवरच्या प्लगला आहे. घरच्या आजींनी विचारलं, गाडी आजारी आहे का, सलाईन लावलंय ते.

उद्या जेजुरी. करायचं राहिलेलं : वॉशरच्या बाटलीची मोटर गळतेय, ऐंशी रुपयांत ते होणारच होतं. ट्रेच्या पुढच्या डाव्या बोल्टवरची रेघ केसभर सरकलीय, रात्री पाना फिरवायचा. आणि मोबाईलची रांग. काल कोणीतरी फ्रिजच्या सॉकेटमध्ये मल्टिप्लग खुपसून सात मोबाईल लावले होते. तात्यांचाही त्यात होता.